वीस जुलै, सूर्य उगवेपर्यंत

अप्पा, यंदा वीस जुलै रविवारी आली. चंद्रावर माणूस उतरला तेव्हाही रविवारच होता, हे तुम्हाला मी कशाला सांगू? तुम्हीच ते आम्हाला इतक्यांदा सांगितलंत की अम्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे झाला तुमचा चंद्र, पानं वाढलीं अहेत!" तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. काल दुपारी पहिल्यांदा कागद घेऊन बसले होते, ते क्षमा मागायला. रविवारचा वर्ग मी बंद करणार होते आणि तुम्हाला न सांगता बंद करायला मन घेत नव्हतं. दोन ओळी लिहिल्या, रडकं वाटलं, फाडून टाकल्या. आज संध्याकाळी पुन्हा बसले आहे, पण आज मजकूर सगळा बदलला आहे. जरा निवांत वाचा, मी काही थोडक्यात सांगणार नाही.

वर्ग कसला ते आधी सांगते, तो तुमच्यानंतर सुरू झाला. तंजावरातल्या आपल्या मराठी घरांतली मुलं दर रविवारी सकाळी देवळाशेजारच्या खोलीत जमतात आणि मी त्यांना मराठी बोलायला लावायचा प्रयत्न करते. पहिल्या वर्षी खोली पुरत नव्हती. आता चार मुलं राहिली आहेत. त्यांना मराठी सगळं कळतं. आज्यांनी दटावलेलं, फोनवर एकमेकींना सांगितलेलं, सगळं. पण विचारा काही, उत्तर तमिळमध्ये. मी मराठीत विचारायचं, त्यांनी तमिळमध्ये सांगायचं, अशी आमची वहिवाटच पडून गेली होती. त्या खोलीची किल्ली देवळाचे विश्वस्त अण्णांनी माझ्याकडे दिलेली आहे. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "बाई, अबॅकसच्या वर्गाला जागा होणा म्हणून विचारतायत. तुमचीं चार लेंकरं, त्यांत दोन जांभया देतात. वीस तारखेला काय तें ठरवा, नाहीं तर किल्ली द्या." अण्णा वाईट माणूस नाही, आणि ते जे बोलले त्यात चूक काही नव्हतं, म्हणून तर मला जास्त लागलं.

त्या वर्गात मी शिकवते काय, तर तुमचाच फळा. ओरत्तनाडूच्या पुढची ती तुमची शाळा, घंटेखालचा तो लहान काळा फळा आणि त्यावर रोज सकाळी तुम्ही तमिळमध्ये लिहिलेलं 'आजचा दिवस'. या तारखेला पूर्वी कधी काय घडलं, चार ओळींत. बाकीचे मास्तर हसायचे, परीक्षेत हे येत नाही म्हणायचे. तुमचा नियम ठरलेला होता: लढाया नाहीत, राजे नाहीत, कोण मेलं ते नाही, ते सगळं पोरांना पुढे परीक्षेत भेटेलच म्हणून. फळ्यावर यायचं ते शोध लागलेलं, कोणीतरी कुठेतरी पोचलेलं, कोणाला काहीतरी पहिल्यांदा दिसलेलं. आणि दुसरा नियम, की स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी जे समजावता येत नाही ते फळ्यावर लिहायचं नाही. त्यासाठी तुम्ही आदल्या दिवशी घरी तालीम करायचात आणि तालमीला विद्यार्थी आम्हीच. फळा तमिळ, पण तुमचा विचार मराठीतच चालायचा. आधी मराठीत चिठ्ठीवर लिहून काढल्याशिवाय तुम्हाला काही सुचायचंच नाही. अम्माच्या डब्यातली डाळ, वाटायचा दगड, विळी, सगळं तुम्ही उचलून न्यायचात. एकदा ग्रहण समजावायला दोशाचा तवा नेलात आणि त्या दिवशी आम्ही दोशाऐवजी पेज प्यालो.

वीस जुलै तुमची लाडकी तारीख. त्या तारखेत तीन गोष्टी बसतात आणि माझा वाढदिवसही. घरात वाढदिवस तिथीने व्हायचा, अम्मा पाटावर बसवून ओवाळायची, पण शाळेच्या दाखल्यावर वीस जुलै होती आणि मला त्या तारखेचा फार माज होता. सात-आठ वर्षांची असेन. घरी पाहुणे आले होते आणि मी मधल्या खोलीत उभी राहून घडाघडा म्हणून दाखवलं: पृथ्वीपासून चंद्र इतके मैल, यान इतक्या दिवसांत पोचलं, माणसं तीन, उतरली दोन. पाहुणे वा वा म्हणाले. तुम्ही मात्र सुपारी कातरता कातरता वरही न बघता म्हणालात, "पाठ केलीस. समजलं काय? जा, नारळ आण." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नारळ आणला. तुम्ही तो चुलीशी ठेवलात, हातात लिंबू दिलंत आणि म्हणालात, "नारळ म्हणजे आपण. लिंबू म्हणजे चंद्र. कुठें ठेवशील?" मी नारळाशेजारीच ठेवलं. तुम्ही लिंबू उचललंत आणि मला नारळ तीस वेळा पुढे पुढे ठेवायला लावलात. तीस नारळांवर, मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी, लिंबू गेलं. "एवढ्या लांब गेलीं तीं माणसं. अत्ता सांग पाहुण्यांना." मी काही सांगितलं नाही, मी रुसले होते. पण चुलीपासून उंबऱ्यापर्यंतचं ते अंतर माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही आणि मैल किती ते मात्र मी केव्हाच विसरले.

मग मंगळ. मी अकरा वर्षांची आणि बातमी रेडिओवर आली, की मंगळावर एक यंत्र नीट उतरलं, तिथल्या दगडांचा फोटो काढला, आणि तेही बरोबर वीस जुलैला. तुम्हाला झालेला आनंद बघून अम्मा म्हणाली होती, "जसं काय ह्यांनींच पाठवलं." त्या शनिवारी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवलंत, माझ्या मांडीवर एक मोसंबं दिलंत, आपण सात्तुकुडी म्हणतो ते, आणि कालव्याच्या बांधावरून निघालात. कालवा भरून चालला आहे, दोन्हीकडे लावणीच्या बायका वाकलेल्या आहेत, त्यातली एक मास्तरांना ओळखून विचारते, "वाद्यार, लेकीला घेऊन कुठे?" आणि तुम्ही तमिळमध्ये ओरडून सांगता, "मंगळावर!" त्या बाया कितीतरी वेळ हसतात. पुढच्या गावाच्या मोरीवर तुम्ही सायकल थांबवलीत आणि ते मोसंबं कठड्यावर ठेवलंत. म्हणालात, "नारळ घरीं चुलीशीं अहे. चंद्र उंबऱ्याशीं. आणि मंगळ इथें." मी मागे वळून बघितलं तर आपलं गावसुद्धा दिसत नव्हतं, नुसती माडांची रांग. तिथून निरोप यायला किती वेळ लागतो असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, अत्ता आपल्याला सायकलवर लागला तितकाच. मग आपण मोरीवर पाय सोडून बसलो आणि मंगळ सोलून खाल्ला. बिया कालव्यात टाकल्या. अप्पा, माझ्या आयुष्यात पुष्कळ बरे दिवस आले, पण कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा हाच सांगते.

माझं लग्न ठरलं तेव्हा अम्माने बांगड्या दिल्या आणि तुम्ही बिस्किटाचा पत्र्याचा डबा दिलात, आत वर्षाच्या सगळ्या तारखांच्या चिठ्ठ्या, तुमच्या देवनागरी अक्षरात. सासरी सगळे हसले. मीही थोडी हसले. वीज मंडळाच्या कचेरीत लागल्यावर वर्षानुवर्षं तो डबा कपाटावर पडून होता आणि वर्ग सुरू केल्यावर त्याने मला वाचवलं, कारण पुण्याहून मागवलेल्या पुस्तकांतलं काही या मुलांनी बघितलेलं नाही, पण नारळ, लिंबू आणि वाटाणे त्यांच्या घरात आहेत. मी चिठ्ठी काढायची आणि सांगायची. खरं बोलायचं तर पाठ केल्यासारखी सांगायची. तुमचं अक्षर आहे म्हटल्यावर तपासायचं काय?

गेल्या महिन्यात, अण्णांचं बोलणं झाल्यावर, मी तो डबा रिकामा केला. वर्ग बंद होणारच आहे तर चिठ्ठ्या नीट बांधून ठेवू म्हटलं. तळाला अंथरलेल्या कागदाखाली एक पिवळी घडी निघाली, प्रसूतिगृहाची. माझ्या जन्माची नोंद: एकवीस जुलै, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. वीस नाही, एकवीस. साठ वर्षं मी ती तारीख मिरवत आले, सगळ्या सह्या, सगळे अर्ज, कचेरीतले केक, आणि तुम्ही शाळेत नाव घालताना ती एक दिवस अलीकडे सरकवली होतीत. मला वाटलं, तुम्हाला तो चंद्र इतका आवडत होता की लेकीला ओढून त्याच्या दिवशी नेऊन बसवलंत. आमच्याकडे पेन्सिल हरवली तरी खरं काय ते सांगायला लावणारे तुम्ही! महिनाभर मी तुमच्यावर रागावले होते. तुमच्या फोटोला फूल घालायची, पण बोलायची नाही.

आणि आज सकाळी चिठ्ठ्यांचा डबा, नारळ, लिंबू, सात्तुकुडी, मूठभर वाटाणे आणि पर्समध्ये किल्ली घेऊन मी शेवटचा वर्ग घ्यायला गेले. चारही मुलं आली होती: दोघी जुळ्या बहिणी, नऊ वर्षांची एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. ती नऊ वर्षांची दोन वर्षं येते आहे आणि दोन वर्षांत मराठीचं एक वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं. दाराशी खुर्ची टाकून अण्णा बसले होते, किल्लीसाठी. मी नारळ भिंतीशी ठेवला, धाकट्याला तीस वेळा सरकवायला लावला, लिंबू जागेवर ठेवलं आणि तुमची चिठ्ठी वाचली: वीस जुलैला, रविवारी, माणूस चंद्रावर उतरला.

"तप्पु, आजी," ती मुलगी म्हणाली. चूक. हातात आईचा फोन होता. तमिळमध्येच तिने मला समजावून सांगितलं की तेव्हा अमेरिकेत रविवार होता, पण आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते, म्हणजे एकवीस तारीख, सोमवार. चिठ्ठी चुकली आहे. अप्पा, मला राग आला, खोटं कशाला सांगू? मी म्हणाले, "माझ्या अप्पांनीं लिहिलंय तें." ती म्हणाली, मग तुमचे अप्पा चुकले. अण्णा खुर्चीत हलले. आणि मी, काहीतरी बोलायचं म्हणून, अम्मा जे आम्हाला शंभरदा सांगायची तेच बोलून गेले. "सूर्य उगवला होता काय? नाहीं ना? मग सोमवार कसा झाला? आपल्यांत दिवस बदलतो तो सूर्य उगवल्यावर. पंचांगांत विचार, तेव्हां अजून रविवारच होता."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. सूर्य उगवला नव्हता. अम्मासुद्धा नेहमी तेच म्हणायची, की तूं वीसचीच, उजाडायच्या आधींची, आणि मी कधी कान दिला नव्हता. तुम्ही मला कुठेही ओढून नेलं नव्हतं. घरात दिवस जसा मोजत होतो तसाच तुम्ही दाखल्यावर लिहिलात आणि चंद्राची चिठ्ठीही त्याच हिशेबाने लिहिलीत. एवढी साधी गोष्ट, आणि मी महिनाभर फोटोशी अबोला धरला. इतकं हलकं वाटलं मला की हसूच फुटलं. मुलांना वाटलं, आजी हरली म्हणून हसते आहे.

पण ती कुठली सोडते? ती उठून उभी राहिली, गाल लाल झालेले, आणि म्हणाली, "मग रात्रीं बारा वाजतां उठवून हॅपी बर्थडे म्हणतात, तें अस्कं चूक काय?" मराठीत, अप्पा! अख्खं वाक्य, 'सगळं'ला आपल्या घरांतलं 'अस्कं'सुद्धा, तमिळ हेल काढून, पण मराठीत. तिच्या लक्षातही आलं नाही. मी श्वास धरून म्हणाले, "चूकच! सूर्य उगवूं दे, मग म्हण." जुळ्यांपैकी एक ओरडली, "आमच्या अम्माला सांग तें!" दुसरी म्हणाली, "मग यान उतरलं रविवारीं. आणि पाय? पाय कधीं ठेवला?" फोन बघितला. आपल्या सकाळचे साडेआठ व्हायला आले होते. "सूर्य होता! सूर्य होता! पाय सोमवारीं!" धाकटा विचारतो, "मग एवढा वेळ आंत बसून काय केलें?" एकजण म्हणाली डबा खाल्ला, एकजण म्हणाली झोपले, आणि ती नऊ वर्षांची कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन कोण झोपतो?" मग दोन पक्ष पडले, एक बारा वाजताचा आणि एक सूर्योदयाचा. अण्णांना राहवेना. "लेंकरांनों, पंचांग म्हणतें तेंच बरोबर," ते खुर्चीतून म्हणाले, आणि ती त्यांच्याशीच भांडायला वळली, "मग तुमचा फोन रात्रीं तारीख कां बदलतो?" अण्णांनी खिशातून फोन काढून बघितला.

मंगळ त्यामानाने मुकाट गेला. ते यंत्र उतरलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ होती, इथेही वीस आणि तिथेही वीस, भांडायला जागा नाही म्हणून मुलं हिरमुसली. शेवटी वाटाणे. मठाच्या बागेत वाटाण्यांची झाडं लावून, उंच कोणतं, बुटकं कोणतं ते वर्षानुवर्षं मोजत बसलेल्या त्या साधूची गोष्ट मी तुमच्यासारखीच सांगितली: उंच आणि बुटक्याची जोडी लावली तर लेकरं सगळी उंच, आणि त्यांच्या लेकरांत पुन्हा चारात एक बुटकं, आजोबांवर गेलेलं. त्याचा जन्मही वीस जुलैचा म्हणतात, पण काही पुस्तकं बावीस सांगतात. "म्हणजे त्याला दोन बर्थडे!" धाकटा म्हणाला, आणि मी म्हणाले, "असतात कोणाकोणाला." भाषा काही वाटाणा नव्हे, ती आपोआप खाली उतरत नाही, एवढं मला कळतं. तरी समोर चार मुलं बसली होती आणि त्यांच्या आईबापांना मराठीत धड भांडता येत नाही, हे आठवून मला मोठी गंमत वाटली.

वर्ग सुटल्यावर मी पर्स उघडली. अण्णांनी हाताने थांबवलं. "राहूं द्या किल्ली. अबॅकसवाल्यांना दुपारची वेळ देतों. तो वाटाणेवाला मज नीट समजला नाहीं, पुढच्या रविवारीं पुन्हा सांगा." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि त्या मुलीला बोलवा नक्की."

बोलवायची गरजच नव्हती. ती दारात थांबली होती. "पुढच्या रविवारीं कोणची तारीख, आजी?" सत्तावीस. मी डब्यातून चिठ्ठी काढली. तुम्हाला आठवते काय ती? तारीख लिहून खाली तुम्ही एवढंच लिहिलं आहे: अजून काही सापडलं नाही. मुलीने मान वर करून विचारलं, "काय लिहिलंय अप्पांनीं?" तिला देवनागरी वाचता येत नाही. आणि मी, तुमची लेक, तुमच्या अक्षरावर बोट फिरवत तिला वाचून दाखवलं, "सत्तावीस जुलै. हा दिवस मागून येणाऱ्या एका मुलीसाठीं सोडला अहे, तिनें शोधावा." तिचे डोळे असे काही मोठे झाले की मला ते वाक्य मागे घेणं जमलंच नाही. चिठ्ठी तिने वहीत घालून घरी नेली.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून कुठेच टाकणार नाही. पण तुमच्या नावावर मी एक खोटं बोलले आहे, एवढं तुम्हाला कळायला हवं. ती देवनागरी वाचायला शिकली की ते उघडं पडणार, आणि अप्पा, मला त्या दिवसाची घाई झाली आहे.